बघणाऱ्याचं काम

टिपणीस टाळ्या फार वाजवायचे. कुणाला तपकिरीची खोड असते, कुणाला उगाच खाकरायची. टिपणीसांना टाळीची होती. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या जेवणघरात बसायचा. तिथं एक लहान पोरगी श्लोक म्हणायला उभी राहिली, पहिली ओळ म्हणाली आणि पुढचं विसरली. आई खालून ओठ हलवून ओळ सांगतेय, बाप कॅमेरा डोळ्याला लावून तसाच उभा, पोरीच्या डोळ्यांत पाणी. तेवढ्यात पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. एकाच माणसाच्या. टिपणीस उभे राहून वाजवत होते.

"अहो, व्हायचाय अजून तिचा," त्यांची बायको शालिनीताई पदराआडून म्हणाली.

"झाला तेवढा चांगला झाला ना?" टिपणीस म्हणाले आणि वाजवत राहिले.

रस्त्यावरचं बर्फ ढकलणारी सरकारी गाडी आली की हा माणूस अंगणात येऊन त्या ड्रायव्हरसाठी टाळ्या वाजवायचा. हॉटेलात पोऱ्यानं चार बशा एका हातावर आणल्या, वाजव टाळ्या. गोऱ्या लोकांना वाटायचं, ही इंडियाची काही रीत असेल. आमच्या लोकांना वाटायचं, अमेरिकेत फार वर्षं राहिल्यामुळं असं होत असेल.

मी तेव्हा मिशिगनमध्ये, नोव्हायला, मुलीकडे होतो. आमची मंडळी वारली तेव्हा सुनंदा म्हणाली, आण्णा, एकटे इचलकरंजीत काय करता, या इकडं. जावई सुहास नागपूरचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. माणूस चांगला, बोलतो जरा जास्त. माझं शिक्षण चौथी. तिचाही निकाल बघायला मी गेलो नाही, त्याआधीच मागावर बसलो होतो. पण हुतूतूत आमच्या पेठेत माझ्या घोट्याला हात घालून मला थांबवणारा गडी झाला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, झालं ते सांगतो.

टिपणीसांची आणि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. मी एकटा चालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो, इंग्रजीत दूध मागितलं, डबा घेऊन बाहेर आलो. बाहेर गाडीला टेकून एक गृहस्थ उभे. पन्नाशीकडे झुकलेले, भरल्या अंगाचे, कपाळ मागे सरकत चाललेलं. माझ्याकडे बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कोण हो तुम्ही?" मी मराठीतच विचारलं. वाजवण्यावरूनच आपला माणूस वाटला.

"टिपणीस. तुमच्या मागच्या गल्लीत राहतो. सुहास म्हणत होता, सासरे एकटे बाहेर पडत नाहीत. आज पडलात."

"मी काही अस्वलाचा खेळ करत नव्हतो. दूध घेत होतो."

"तेच की. कुणी बघायला नको का?"

मी दुधाचा डबा काखेत मारला आणि चालू लागलो. ते गाडीतून मागं मागं हळूहळू आले, काच खाली करून बसा बसा म्हणत राहिले. मी बसलो नाही. त्यानंतर बरेच दिवस ते दिसले की मी रस्त्याची दुसरी बाजू धरायचो. माझा स्वभाव तसा आहे, आणि या वयात बदलायचा नाही.

बोलणं सुरू झालं ते त्या खेळामुळं. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो. त्यात पायाचं काम पळण्यापुरतं, चेंडू हातात आणि तोही अंड्याच्या आकाराचा. शरद ऋतूत दर शनिवारी कॉलेजांचे सामने टीव्हीवर असायचे आणि आमच्या तळघरात मैफल जमायची. सुहासनं तिथं मोठा टीव्ही ठेवला होता. सुनंदा पोह्यांचं पातेलं खाली पाठवून द्यायची आणि वर दार लावून घ्यायची. सुहास, टिपणीस, आणि टिपणीसांची मुलगी मीनल, असे कायमचे तीन. मीनल तिथंच जन्मलेली, राहायला कॉलेजच्या वसतिगृहात पण शनिवारी बहुधा घरी येणारी, मराठी सगळं समजायचं, बोलताना निम्मं इंग्रजी. आणि या खेळातलं तिला दोघा पुरुषांपेक्षा जास्त कळायचं.

मला नियम टिपणीसांनीच समजावले. भांडण मिटलं असं ते समजले. मी मिटवलं नव्हतं, फक्त ऐकत होतो. ते म्हणाले, दोन बाजू समोरासमोर वाकून उभ्या. एक गडी मागं उभा, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो. त्यानं तो लांब फेकायचा, नाहीतर पळणाऱ्या दुसऱ्याच्या पोटात द्यायचा. "पण काही काही जण, आण्णा, कुणालाच देत नाहीत. देतो देतो अशी हूल देतात आणि स्वतःच घेऊन पळतात. पुस्तकात क्वार्टरबॅकचं काम फेकायचं. पण पळणारा असला ना, की पुस्तक बाजूला ठेवायचं."

"आणि परत कधी येतो?"

"कोण?"

"चढाईवाला."

"परत नाही यायचं. पलीकडच्या रेघेपार जायचं. पुढंच पुढं."

"मग हा कसला खेळ?" मी म्हटलं. "जाऊन दम राखून परत येतो तो गडी. नुसतं जाणं काय, वळूपण जातो."

सुहास आणि मीनल खो खो हसले. टिपणीस हसले नाहीत. टीव्हीकडे बघत म्हणाले, "खरं आहे तुमचं. काही काही येतच नाहीत."

मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

त्या तिघांचा वाद ठरलेला. कॉलेजच्या खेळात आजवर झालेला सगळ्यांत मोठा पळणारा क्वार्टरबॅक कोण? सामना कुठलाही असो, तास दीड तासात गाडी तिथंच यायची. इंग्रजी नावं माझ्या जिभेला पेलेनात, म्हणून मी त्या गड्यांना माझी नावं दिली. एक लांब पायांचा, उड्या मारत पळणारा, त्याला मी वासरू म्हणायचो. एक बुटका, चौघे अंगावर पडले तरी न पडणारा, ती घोरपड. आणि एक जागच्या जागी दिशा बदलून समोरच्याला दोन तुकडे केल्यासारखा सोडून जायचा, ती कात्री. पुढं पुढं तेही हीच नावं वापरायला लागले. मीनल कॉलेजातनं फोन करून सुहासला म्हणायची, "काका, डिड यू सी घोरपड टुडे?"

सुहासचं मत घोरपडीला. "यार, आकडे बघा ना. दर सामन्यात एवढं पळणारा दुसरा दाखवा मला."

"काका, आकडे सिस्टिममुळे," मीनल म्हणायची. "त्याच्या पुढची लाइन बघा ना, भिंत आहे ती. माझी आजीपण पळेल. कात्री स्वतः रीड करतो. समोरचा काय करणार ते त्याला आधी दिसतं."

"आणि तुम्ही, वसंतराव?" सुहास मुद्दाम विचारायचा, माझ्याकडे डोळा मिचकावून.

"रॉय," टिपणीस म्हणायचे.

दर वेळी. आवाज न चढवता. मग दोघं कपाळाला हात लावायचे. हा रॉय टीव्हीवर कधी दिसायचा नाही. टिपणीस शिकायला आले तेव्हा, म्हणजे पंचविसेक वर्षांपूर्वी, वर उत्तरेला सरोवराकाठच्या एका लहान कॉलेजात तो त्यांच्या खोलीत राहायचा. मीनलला लहानपणी झोपताना ते त्याचीच गोष्ट सांगायचे. बर्फ पडतंय, रॉयनं चेंडू घेतला आणि सगळ्यांना चिरत सरळ पळत गेला, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरगी तेव्हा खरं मानायची.

टिपणीसांची आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. पडद्यावर एखादा गडी सगळ्यांना चुकवून रेघेपार गेला की आम्ही त्या गड्याकडे बघायचो. टिपणीस त्याच्या मागच्या गर्दीकडे बघायचे. पुढं वाकून, चष्मा वर करून, कुणाला तरी शोधल्यासारखे. एकदा मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "सगळे वाजवतायत का ते."

"न वाजवून काय करतील?"

"बघणाऱ्यालाही काम असतं, आण्णा. चुकतात लोक."

त्या वर्षी ऑक्टोबरात तळघरात जरा जास्तच झालं. सुहासच्या कारखान्यातले आणखी दोघं आले होते, नवी माणसं. वाद रंगला, वासरू की घोरपड, आणि टिपणीसांनी नेहमीसारखं रॉयचं नाव घेतलं. नव्या माणसानं विचारलं, कोण रॉय? कुठल्या टीमचा?

मीनल जमिनीवर पाय पसरून बसली होती. म्हणाली, "बाबांचा इमॅजिनरी फ्रेंड."

सगळे हसले. टिपणीसही थोडे हसले. इथं थांबायला हवं होतं, पण मीनल विसाव्या वर्षाची, समोर हसणारी माणसं. ती म्हणाली, "नाही, सिरियसली. बाबा, मी लायब्ररीत जाऊन बघितलं. त्या कॉलेजच्या कुठल्याच गेममध्ये तो पळालेला नाही. नॉट वन यार्ड. तो होता तरी का? आय मीन, झोपवायला गोष्ट ठीक आहे. पण आता आय ॲम नॉट फाइव्ह."

"तो सामना नव्हता," टिपणीस म्हणाले. "सराव होता."

"म्हणजे बघितलं कुणी?"

"मी."

"फक्त तुम्ही. हाऊ कन्व्हिनियंट."

टिपणीसांनी हातातली पोह्यांची बशी टीव्हीवर ठेवली. ती तिथं ठेवायची नसते, सुनंदा ओरडते; पण त्यांना दुसरी जागा दिसली नाही. मग जिना चढून गेले. बाहेरचं दार हळूच लागलं. मीनलचं तोंड उतरलं, पण ती उठली नाही. तीही कुणाची तरी मुलगी. हट्ट तिथनंच आला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. माझा नियम असा की माणूस मला चिडवतो तेव्हा मी रस्ता बदलतो, पण त्याला दुसऱ्यानं चिडवलं की त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. ते अंगणात दाताळ्यानं मॅपलची पानं गोळा करत होते. मीही एक दाताळं घेतलं. बराच वेळ नुसती पानं ओढली. मग त्यांनी आपणहून सांगितलं, दाताळ्याकडे बघत.

रॉय बीटच्या शेतीवरचा मुलगा. एका विधवा बाईच्या घरी माळ्यावरच्या खोलीत दोघं राहायचे. टिपणीसांना थंडीचे कपडे कुठले घ्यावेत ते त्यानं दाखवलं, आपले लोकरी मोजे दिले. संघात तो तिसरा क्वार्टरबॅक होता. म्हणजे दोघांचे पाय मोडले तरच खेळायला मिळणार. तो एकदा म्हणाला, शनिवारी सराव आहे, आपसांतच दोन बाजू पाडून खेळणार आहेत, मला थोडा वेळ देतील. तू ये. माझं बघायला कुणी येत नाही.

"मग मी काय केलं सांगू? लायब्ररीतून खेळाच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि परीक्षेला बसावं तसं पाठ केलं. आपण दुसरं काय करणार? क्वार्टरबॅकचं काम फेकायचं, हे त्यात ठळक अक्षरांत."

शनिवारी बर्फ पडत होतं. बाकांवर कुणी नाही, टिपणीस एकटे, हातात छत्री. बर्फात छत्री धरलेला माणूस त्या गावानं तोवर बघितला नसेल. रॉयच्या हातात चेंडू आला. सगळे उजवीकडे धावले. त्यानं हूल दिली, आणि वळून उलटा पळायला लागला. स्वतःच्याच रेघेकडे. मागं, आणखी मागं.

"मला वाटलं, हा घाबरला. वाट चुकला. पुस्तकात असं कुठंच नव्हतं. मग तो वळसा घेऊन डावीकडून आला, समोरचे बर्फावर घसरत राहिले, आणि तो सबंध मैदान पळत गेला. कुणाचा हात लागला नाही. शेवटाला जाऊन थांबला. कोच शिट्टी फुंकत ओरडत होता, चेंडू दुसऱ्याला का दिला नाहीस म्हणून. रॉयनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. वळला आणि बाकाकडे बघितलं. माझ्याकडे."

"मग?"

"मी मान खाली घातली, आण्णा. मित्रानं सगळ्यांसमोर चूक केली, त्याची मला लाज वाटली. माझ्यापुरतं मी त्याला सांभाळून घेतलं."

मी दाताळं थांबवलं.

"संध्याकाळी त्यानं विचारलं, बघितलंस का? मी म्हटलं, पुढच्या वेळी फेक. तो हसला. पुढची वेळ आली नाही. वसंतात त्यानं कॉलेज सोडलं, फौजेत गेला. व्हिएतनामला गेला तो तिकडचाच झाला. आणि मला हा खेळ कळायला मधे किती वर्षं गेली. एक दिवस टीव्हीवर एकाला तसा उलटा वळसा घेताना बघितलं, लोक नुसते वेडे झाले होते, आणि मी शालिनीला म्हटलं, टीव्ही बंद कर."

"उलटा पळाला ह्यात चूक कसली?" मी म्हटलं. मला खरंच कळेना. "आमच्यात मागं येणाराच जिंकतो."

"हुतूतू मीपण खेळलोय. मला कळायला हवं होतं. पण मी पुस्तक वाचून गेलो होतो ना."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "एक बरं आहे. बर्फ पडत होतं, अंतर पुष्कळ होतं. त्याला माझा चेहरा दिसला नसणार. छत्री तेवढी दिसली असेल."

हे त्यांनी पुन्हा एकदा म्हटलं, दिसला नसणार. मी होय म्हटलं.

शालिनीताईंनी मला मागं एकदा सांगितलं होतं की वर्षाचं पहिलं बर्फ पडलं की हे घरात नसतात. कुठं जातात विचारू नका. माणूस परत येतो, बूट झटकतो, जेवतो. मी जे समजायचं ते आता समजलो.

पण मी पडलो हट्टी. मी म्हटलं, "टिपणीस, तुम्ही नुसतं सांगता म्हणून पोरगी ऐकत नाही. चढाई सांगायची नसते, करून दाखवायची असते."

"माझं वय बघा. डॉक्टरनं जिनेसुद्धा हळू चढायला सांगितलंय."

"हळू दाखवा."

ते नाही म्हणाले. मी दर भेटीत म्हणत राहिलो. सुनंदा मला म्हणाली, आण्णा, त्यांना का छळता? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. मलाही किती कळत होतं कोण जाणे. मला एवढंच दिसत होतं की मुलीनं त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलंय आणि हा माणूस त्यानंतर तळघरात आला तरी तोंड उघडत नाही. सुहासनं विचारलं, सगळ्यांत मोठा कोण, वसंतराव? ते म्हणाले, घोरपड चांगली आहे. सुहासलासुद्धा ते आवडलं नाही.

नोव्हेंबराच्या शेवटी चार दिवस सुटी असते, तेव्हा मीनल राहायला घरी आली. आणि नेमकं बर्फ पडायला लागलं. दुपारी जेवण झाल्यावर टिपणीस आमच्या दारात. बूट, ओव्हरकोट. मागं मीनल, चेहरा रुसलेला, डोळे मात्र बापावर.

"चला," मला म्हणाले. "आणि तुमची कानटोपी द्या. चेंडू म्हणून."

"मग मी काय घालू?"

"हट्ट तुमचा आहे ना?"

वस्तीच्या मागं शाळेचं मैदान. सगळं पांढरं, रेघा बुजलेल्या, दोन्ही टोकांचे खांब तेवढे उभे. मी म्हटलं, मी आडवा उभा राहतो, तेवढंच पकडायला कुणीतरी. ते म्हणाले, "नको. तुम्ही दोघं बाकावर बसा. त्याला बघणारं कुणी हवं." कुणाला, ते म्हणाले नाहीत.

आम्ही बसलो. मी डोक्याला सुनंदाची शाल गुंडाळली होती. मीनलनं जाड हातमोजे घातले होते. मला आधीच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात बर्फ. टिपणीस मैदानात बरेच पुढं गेले, पाठमोरे उभे राहिले, कानटोपीची गुंडाळी पोटाशी धरली.

आणि निघाले. पहिली पावलं बघून मीनलला हसू आलं, मलाही. जाडा माणूस, रबरी बुटात, कोटाचे पंख उडतायत. उजवीकडे चार ढेंगा, हात पुढं करून हूल. मग ते वळले. उलटे, मागं, आमच्या समोरून, शून्याकडे. त्यांच्यामागं कुणी नव्हतं, पण ते असे पळत होते की मी दोनदा त्यांच्या मागं बघितलं. खांद्यावरून मान वळवून ते कुणाला तरी चुकवत होते, एकाला, मग दुसऱ्याला, अंग चोरून. ती हूल मी ओळखतो. ती शिकवून येत नाही. ज्यानं पकड चुकवली आहे किंवा चुकवताना नीट बघितली आहे त्यालाच जमते.

मीनलचं हसू गेलं होतं. "तो उलटा पळाला?" ती म्हणाली. "बाबांनी हे कधीच सांगितलं नाही. गोष्टीत तो सरळ जायचा."

मी डोळ्यांवरचं बर्फ पुसलं.

"मेड-अप गोष्टीत हिरो सरळच पळतो, आजोबा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "ओ गॉड. तो खरा होता."

टिपणीस डाव्या बाजूनं वळसा घेऊन मैदानभर गेले. पळणं चालण्यावर आलं होतं, पण थांबले नाहीत. पार त्या खांबांशी जाऊन उभे राहिले. मग वळले आणि बाकाकडे बघितलं.

मीनल उठून टाळ्या वाजवत होती. हातमोज्यांतून नुसता धप धप आवाज, तो चार हातांवरसुद्धा जात नव्हता. तिनं मोजे दातांनी ओढून काढले, बर्फात टाकले आणि उघड्या हातांनी वाजवायला लागली. बाबा, बाबा, म्हणून ओरडली. मीही वाजवल्या. तिकडून काही हालचाल नाही. ते तसेच उभे.

मला भीती वाटली. छातीचं काही झालं असेल. मी त्यांच्या पावलांच्या खुणा धरून चालत गेलो. जवळ गेलो तर ते बरे होते, श्वास लागलेला, कानटोपी छातीशी, ओल्या चष्म्यातून बाकाकडे बघत होते.

"तिनं मानलं," मी म्हटलं. "तुमची पोरगी तिथं वेड्यासारखी टाळ्या पिटतेय. झालं ना काम?"

"हो," ते म्हणाले. "आण्णा, इथून दिसतं."

"काय?"

"चेहरा. सगळं दिसतं इथून."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी जोरात म्हटलं, "काही दिसत नाही. मी बघतोय ना. नुसता ठिपका दिसतो. बर्फात कुणाला काय दिसणार?"

"तुम्हाला मोतीबिंदू आहे, आण्णा."

"असू दे. दिसत नाही म्हणजे नाही."

ते माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. तिकडे बघत, अगदी शांतपणे सांगत राहिले. "वाजवायची थांबली. हात काखेत घातलेत, गारठले असतील. आता इकडेतिकडे बघतेय. मोजे शोधतेय." मग थोडं थांबले. "आत्ता तिनं मान खाली घातली."

माझी टोपी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी झटकली आणि माझ्या डोक्यावर घातली, कान नीट झाकून, लहान मुलाला घालतात तशी. मग आम्ही परत निघालो. मी खुणांवरनं चालत होतो, ते खुणा सोडून, कडेकडेनं.

त्यानंतर तळघरात रॉयचं नाव मीनलच घ्यायची. फोनवरसुद्धा. कात्रीला तिनं दुसऱ्या नंबरावर टाकलं. सुहास म्हणायचा, न बघितलेला माणूस पहिला कसा, यार? ती म्हणायची, "मी बघितलाय." टिपणीस कोपऱ्यात बसून ऐकायचे. त्यांचा जीव ज्यात अडकला होता ते मुलीनं दिलं होतं. पण त्या दिवशी बाकाकडे बघत होते तसे ते तिच्याकडे बघायचे. टाळ्या वाजवणं त्यांनी सोडलं नाही. उलट जास्त वाजवायचे. मी आता रागावत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी इचलकरंजीला परत निघालो. डोळ्यांचं ऑपरेशन आपल्याकडे, आपल्या डॉक्टरकडून करायचं, हा माझा हट्ट. विमानतळावर तेव्हा पोचवायला आलेल्यांना विमानाच्या दारापर्यंत येऊ द्यायचे. सुनंदा, सुहास, टिपणीस. सुनंदा रडत होती. टिपणीस म्हणाले, "एकटे चाललात आण्णा, जमेल?" मी म्हटलं, "जाऊन परत येतो तो गडी." पण मी परत गेलो नाही, आणि पुढच्या थंडीत ते राहिले नाहीत. त्यामुळं बघितलं ते शेवटचं तिथंच.

विमानाकडे जाणाऱ्या त्या लांब बोळातून थोडं चालल्यावर मी वळून बघितलं. सुनंदा डोळे पुसत खाली बघत होती. सुहास पिशवीत काहीतरी शोधत होता. त्यांच्या बाजूला टिपणीस. हात खिशात. टाळ्या नाहीत, काही नाही. मी पुढं गेलो, परत वळलो, ते तसेच. मागची माणसं मला ढकलत होती, तरी मी आणखी एकदा वळलो. इतक्या लांबून मला चेहरा दिसेना. मोतीबिंदू होता. पण मान वर होती एवढं दिसत होतं, आणि मी दिसेनासा होईपर्यंत ती खाली गेली नाही.